हे कुठून आणलंत?

बाणेरला ओळखीच्यांकडे वास्तुशांत होती. लिफ्टमधून मी एक मजला आधीच उतरले. समोर दार उघडं, बाहेर चपलांचा ढीग. मीही चपला काढून आत गेले आणि हातात पाण्याचा पेला आल्यावर कळलं की घर भलतंच आहे. चूक माझी, पण सगळीच माझी नाही. तीच दोन बाय दोनची हस्तिदंती फरशी, टीव्हीमागे तीच राखाडी पट्ट्यांची भिंत, फॉल्स सीलिंगच्या खाचेतून झिरपणारा तोच पिवळा उजेड. वरच्या मजल्यावरही सगळं तसंच होतं. फक्त सोफ्यापुढे जमिनीवर एक काळी घोंगडी अंथरलेली होती आणि येणारा प्रत्येक जण तिच्यापाशी थबकून विचारत होता, "हे कुठून आणलंत?"

पॅकेजमध्ये सजवलेल्या घरात हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं.

घरं एकसारखी होतात ती लोकांना आवडनिवड नसते म्हणून, असं मला वाटत नाही. फरशी बिल्डर घाऊक घेतो, म्हणून तिचा रंग कुणाला आवडण्यापेक्षा कुणाला न खटकणारा असतो. प्लायचा तक्ता आठ बाय चार फुटांचा. तो वाया न घालवता कापायचा तर कपाटाची दारं ठरावीक मापांतच बसतात. सनमायकाच्या जाडजूड शेड बुकात शेकड्यांनी रंग असतात, पण मिस्त्री म्हणतो, "ताई, हा घ्या, हा चालतो." त्याचंही खरं आहे. न चालणारा रंग निवडला आणि पुढच्या वर्षी एक दार बदलावं लागलं, तर जुळणारा तक्ता कुठून आणायचा? शिवाय कर्जाचा हप्ता आणि जुन्या घराचं भाडं एकदम चालू असतं. अशा वेळी पंचेचाळीस दिवसांत किल्ली हातात देतो म्हणणाऱ्याला माणूस हो म्हणतो.

आधीच्या पिढीची घरंही तशी एका साच्यातलीच. पण त्यांत काचेचं शोकेस असायचं. कोंडापल्लीच्या बाहुल्या, संगमरवरी ताजमहाल, मुलाची वक्तृत्वाची ढाल, मण्यांचा ससा. दिसायला भयंकर असलं तरी ते दुसऱ्या कुणाच्या घरात शोभलं नसतं. पॅकेजवाले पहिल्यांदा काय काढायला सांगतात, तर ते.

लहान, स्वतंत्र दुकानांचं काम इथे सुरू होतं. लंडनमध्ये 1964 च्या मे महिन्यात फुलहॅम रोडवर टेरेन्स कॉनरन यांनी 'हॅबिटॅट' उघडलं, त्याचं मूळ एका तक्रारीत होतं. त्यांनी बनवलेलं फर्निचर मोठे दुकानदार नीट मांडत नव्हते. मग पांढऱ्या विटांच्या भिंती, लाल मातीच्या फरश्या आणि गोदामात रचावी तशी रचलेली भांडी घेऊन त्यांनी स्वतःच दुकान थाटलं. खुर्ची, तिच्याजवळचा दिवा, ओट्यावरच्या बरण्या अशी एका माणसाच्या नजरेतून गेलेली वस्तू तिथे मिळायची. दुकानातला खरा माल ती नजर होती. तरुण जोडप्यांनी ती उचलली, एका दुकानाची साखळी झाली आणि जे घर वेगळं म्हणून सजवलं जायचं, ते गल्लीगल्लीत दिसू लागलं.

त्या साखळीचा एक दुवा आपल्याकडे येतो. भारतात हस्तोद्योगाचे सल्लागार म्हणून आलेले अमेरिकन जॉन बिसेल यांनी 1960 मध्ये 'फॅबइंडिया' सुरू केली ती निर्यातीसाठी, आणि हॅबिटॅट हे तिचं मोठं गिऱ्हाईक. हातमागावरच्या सतरंज्या जहाजानं लंडनला जात. फॅबइंडियाचं दिल्लीतलं पहिलं दुकान निघालं ते 1976 मध्ये. पुढे 1992 मध्ये हॅबिटॅट विकलं गेलं, आणि घेणारा समूह 'आयकिया'वाल्या काम्प्राड कुटुंबाचा! निर्यातीचा तो मोठा आधार गेला तशी फॅबइंडिया देशातल्या गिऱ्हाइकाकडे वळली. नव्वदच्या दशकानंतर मराठी मध्यमवर्गाच्या दिवाणावर ठशांचे अभ्रे आले, त्यामागे लंडनमधला हा व्यवहारही आहे. आयकिया स्वतः डिसेंबर 2020 मध्ये तुर्भ्याला आलं. तिथे मी गेले आहे, पुस्तकांचं कपाट आणलं आहे आणि ते छान आहे. ते कुठून आणलं, हे मात्र अजून कुणी विचारलेलं नाही.

परत घोंगडीकडे. ती डेक्कनजवळच्या एका बंगल्याच्या गॅरेजमधल्या दुकानातून आली होती. दुकान चालवणाऱ्या बाईंना गिऱ्हाइकं ताईच म्हणतात. मी तिथे एक दुपार बसले. ताईंकडे बिलबुकाखेरीज आणखी एक वही असते. तिच्यात त्यांनी न घेतलेल्या मालाची नोंद: कुणी काय आणलं होतं आणि का परत पाठवलं. पान उलटून त्यांनी दाखवलं, 'वारली, प्लॅस्टिकच्या ट्रेवर. नको.' त्याखाली, 'पितळी उरळी. चांगली आहे, पण सगळ्यांकडे आहे. नको.' दुसरी नोंद त्यांना महाग पडली असणार. पण दुकान चालतं ते या 'नको'वर.

असं दुकान चालवणं म्हणजे विणकर आणि गिऱ्हाईक या दोघांच्या मधोमध उभं राहणं. गिऱ्हाईक म्हणतं, मला हीच सतरंजी, पण निळ्यात, एकच. विणकर म्हणतो, एक कशी विणू? मागावर ताणा चढवायला दिवस जातात, शेकडो धागे एकेक करून फणीतून ओवायचे असतात. एकदा चढवला की तो संपेपर्यंत विणायचं, नाहीतर सूत फुकट. ताईंनी यातून वाट काढली आहे. ताणा एकच, पांढरा किंवा काळा. बदलायचा तो बाणा. आडवा धागा दर दोन हातांवर बदलता येतो. म्हणून त्यांच्या दुकानातल्या आठ सतरंज्या आठ तऱ्हेच्या, पण बहिणी-बहिणी वाटाव्यात अशा दिसतात. लोकांना ती कलाकाराची लहर वाटते. ती असते मागाची अट.

दुसरा तिढा पैशाचा. माल ठेवून घ्यायचा आणि विकला गेल्यावर पैसे द्यायचे, ही पद्धत दुकानदाराला सोयीची. पण तीन महिने अडकलेल्या सुताचे पैसे कारागिरानं कुठून आणायचे? ताई रोखीनं घेतात, म्हणून थोडंच घेतात. गिऱ्हाईक फोटो काढून नेतं आणि घरी बसून त्यासारखंच काहीतरी स्वस्तात मागवतं. "काढू दे," त्या म्हणाल्या. "घोंगडीचा वास फोटोत येत नाही."

वास येतो, हे खरं. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर, तिचं हातानं कातलेलं सूत, त्याला चिंचोक्याची खळ, आणि सणगरांच्या मागावरचं विणकाम. पहिले पंधरा दिवस ती घरभर आपलं अस्तित्व जाणवून देते. टोचते. अनवाणी पायांना ते कळतं. एका गिऱ्हाइकानं ती शिंका येतात म्हणून परत आणली. ताईंनी दोन दिवस उन्हात टाकायला सांगून पुन्हा घरी पाठवली. रंग काळा, तपकिरी किंवा मळकट पांढरा, म्हणजे मेंढीचा असेल तो. सनमायकाच्या शेड बुकात याला जुळणारं काही नाही, म्हणूनच ती कशावरही शोभते.

पण वेगळेपण वस्तूच्या अंगात असतं का, याबद्दल मला शंका आहे. ज्या गावात घरोघरी घोंगडी आहे, तिथे ती कुठून आणली असं कोण विचारणार? मुंबईतल्या जुन्या इमारतींतली नक्षीची फरशी घ्या. स्वदेशीच्या वाऱ्यात 1922 मध्ये सिधवा कुटुंबानं 'भारत टाइल्स' सुरू केली, ती परदेशी फरशीला तोड म्हणून. ही फरशी भट्टीत जात नाही. लोखंडी साच्यात पितळी पट्ट्यांची नक्षी बसवतात, एकेका कप्प्यात पळीनं रंगीत सिमेंट ओततात, पट्ट्यांचा सांगाडा अलगद वर उचलतात, मागून कोरडं सिमेंट-रेती भरतात, दाबयंत्राखाली दाबतात आणि मग पाण्यात मुरू देतात. रंग वरून फासलेला नसतो, काही मिलिमीटर खोल असतो. म्हणून तीन पिढ्या चालल्या तरी नक्षी पुसत नाही, उलट पायांनी चकाकते. तेव्हा कॅटलॉगमधून निवडलेली एकच नक्षी इमारतीच्या मजल्यामजल्यावर बसायची. तीही त्या काळचं पॅकेजच. नंतर एकेका बिऱ्हाडानं वर चकचकीत टाइल टाकली, आणि ज्या एका घराला ते परवडलं नाही किंवा सुचलं नाही, त्याचे आज मासिकांत फोटो येतात.

जुन्या बाजारांचंही तेच. मुंबईचा चोरबाजार, जोगेश्वरीचा ओशिवरा फर्निचर बाजार: इतरांच्या घरांतून बाहेर पडलेलं सामान इथे साठतं आणि काही वर्षांनी उलट्या वाटेनं दिवाणखान्यात येतं. जपून घ्यावं लागतं. मी पहिल्यांदा फसले. शंभर वर्षांचं म्हणून घेतलेलं स्टूल ओलं झालं आणि काळा रंग धावून खालून कालचं आंब्याचं लाकूड निघालं. दुसऱ्यांदा टॉर्च घेऊन गेले, कारण खोटेपणा उघडा पडतो तो खालच्या बाजूला, जिथे पॉलिश करायचे कष्ट कुणी घेत नाही. या वेळी लांब हातांची सागवानी आरामखुर्ची मिळाली. बैठकीचा वेत तुटलेला होता, तो विणून घेतला.

वर्षभर आल्यागेल्यानं विचारलं, कुठून आणलीत? मी ओशिवऱ्याची गोष्ट रंगवून सांगायचे. मग दिवाळीत आई आली. दारातूनच खुर्चीकडे बघत म्हणाली, "अशीच होती की आपल्याकडे. गोदरेजचं कपाट आलं तेव्हा जागा होईना, म्हणून तुझ्या बाबांनी बोहारणीला विचारलं, तीही नेईना. शेवटी भंगारवाल्याला फुकट दिली."

ती बसली. उजव्या हाताखाली चाचपडली, पॉलिशनं चिकटलेलं काहीतरी अंगठ्यानं रेटलं, आणि हाताखाली दडलेली एक फळी करकरत पुढे फिरून बाहेर आली. डावीकडचीही. ती मला वर्षभर दिसलीच नव्हती.

"पाय ठेवायला असते ही," आई म्हणाली आणि साडी सावरून तिनं दोन्ही पाय वर घेतले.