नवतप्यातली धाप

मे सरत आला, नवतपा लागला की यवतमाळ, वणी, पुसदकडे पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. माणूस घामाने निथळतो. कुत्र्याला ती सोय जवळपास नाहीच; त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांत असतात. म्हणून तो जीभ बाहेर काढून भराभर धापा टाकतो. जीभ, तोंड आणि नाकातला ओलावा उडतो आणि त्याबरोबर उष्णता जाते.

निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं, त्यामुळे हाताला गरम लागला म्हणजे ताप आला असं नाही. ४१ च्या वर गेलं तर मात्र जिवाशी गाठ. घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या, उलट्या दिसल्या की आधी सावलीत नेऊन अंगावर साधं पाणी ओतावं, वारा घालावा आणि लगेच पशुवैद्य गाठावा. चपट्या नाकाच्या पगला धोका जास्त. विदर्भात हौसेने पग पाळणाऱ्यांनी एवढा विचार करायला हवा.

कूलरचीही एक गंमत आहे. खिडक्या बंद ठेवून तो चालवला तर खोलीत दमटपणा साचतो, ओलावा उडेनासा होतो आणि धाप कुचकामी ठरते.

मांजर अंग चाटून गारवा मिळवतं. ते तोंड उघडून धापू लागलं, तर ते गंभीर लक्षण समजावं. ताप आला समजून घरातली पॅरासिटामॉल मात्र त्याला कधीही देऊ नये: मांजराचं यकृत ती नीट निकामी करू शकत नाही, आणि एक गोळीही जीवघेणी ठरू शकते.