घरचा रंग : कच्चा आणि पक्का

चौदाव्या शतकांतील साहित्यदर्पणकार विश्वनाथानें पूर्वरागाचे तीन प्रकार सांगितले आहेत : नीली, कुसुंभ आणि मंजिष्ठा. नीलीराग फारसा झळकत नाहीं, पण मनांतून जातही नाहीं. कुसुंभराग झळकतो, पण उडून जातो. मंजिष्ठाराग झळकतो आणि टिकतोही. हा भाग वाचतांना आमचें लक्ष शृंगाराकडेच असे. त्यामागें रंगाऱ्याचा अनुभव उभा आहे, हें ध्यानीं आलें तें घरांतील एका फजितीनंतर.

आमच्या मातोश्रींच्या रंग विटलेल्या सुती लुगड्याचें सूनबाईंनीं बाळासाठीं दुपटें शिवलें. तें हळदीच्या पाण्यांत रंगवावें, हा सल्ला आमचा. दुपटें सुरेख पिवळें झालें. पण पहिल्याच धुण्यांत साबण लागतांच त्यावर तांबडे डाग उमटले आणि पुढें उन्हानें उरलेला रंगही उडाला. घरांत कोणी शब्दानें बोललें नाहीं. परंतु त्या लुगड्याचें तेवढेंच कापड उरलें होतें.

कारण साधें आहे. हळद धाग्यावर सहज चढते, पण क्षाराशीं गांठ पडतांच तांबडी होते आणि सूर्यप्रकाशांत विरते; तुरटीनेंही ती पुरती सांवरत नाहीं. कापसाचा धागा बहुतेक वनस्पतिरंगांना आपण होऊन धरून ठेवीत नाहीं. त्याला बंधक लागतो. हिरड्यांतील कषायद्रव्य धाग्यावर बसतें, तुरटी त्याला चिकटते आणि रंग त्या दोहोंना धरून राहतो.

तेव्हां आम्हीं दुपटें पुन्हां हातीं घेतलें, तें याप्रमाणें. पाव किलो कोरडें कापड धुण्याच्या सोड्याच्या पाण्यांत तासभर उकळून स्वच्छ धुवावें. ५० ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यांत कालवून त्यांत तें रात्रभर भिजवावें. मग न धुतां पिळून वाळवावें. दुसऱ्या रात्रीं ४० ग्रॅम तुरटी ऊन पाण्यांत विरघळवून त्यांत ठेवावें. डाळिंबाच्या वाळलेल्या साली कापडाच्या वजनाइतक्या घेऊन आदल्या दिवशीं भिजत घालाव्या, तासभर उकळून पाणी गाळावें आणि त्यांत कापड मंदाग्नीवर पाऊण तास हलवीत राहावें. त्याच पाण्यांत निवूं देऊन सावलींत वाळवावें. भांडें स्टीलचें असावें. लोखंडानें रंग काळवंडतो. तें भांडें पुन्हां स्वयंपाकाला घेऊं नये. वनस्पतीचा रंग म्हणून सर्वच निर्धोक, असें समजूं नये. मोरचूद विषारी आहे, तें घरीं वापरूंच नये.

तांबडा रंग हवा असल्यास सालींऐवजीं मंजिष्ठेचीं मुळें घ्यावीं. मात्र पाणी खळखळूं देऊं नये, नाहींतर रंग तपकिरी होतो. या कुळाच्या रंगाचें सुती कापड मोहेंजोदडो येथें सांपडलें आहे. मंजिष्ठेच्या यूरोपीय भगिनीचें मुख्य रंगद्रव्य अॅलिझरीन १८६८ सालीं ग्रेबे आणि लीबरमान यांनीं प्रयोगशाळेंत बनविलें. तेव्हांपासून मुळांची शेती ओसरली आणि रंगविण्याची ही विद्या घरोघर विसरली गेली.

या सर्व खटाटोपाला तीन-चार दिवस लागतात, आणि त्यांतला बहुतेक वेळ रंगापूर्वींच्या तयारींत जातो. हळदीच्या वेळीं आम्हीं नेमकी तीच तयारी गाळली होती. दुपट्याचा पिवळा आतां पहिल्याइतका झगझगीत नाहीं, किंचित् मातकट आहे. पण अनेक धुणीं होऊनही तो टिकून आहे. बाळ त्याच्यावांचून झोपत नाहीं. सुज्ञ गृहिणींनीं आधीं एखाद्या चिंधीवर प्रयोग करावा, आणि मगच वडिलांच्या ठेव्याला हात लावावा.