विमान आधी फळीवर सरळ हवं

वेंगुर्ले तालुक्यातल्या परुळे-चिपीच्या सड्यावर ९ ऑक्टोबर २०२१ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं. अडीच हजार मीटरची धावपट्टी तालुक्याच्या हद्दीत आली आणि उडणारं विमान इथल्या मुलांच्या रोजच्या नजरेतलं झालं. ते बांधतात कसं, हे मात्र धावपट्टीवरून कळत नाही. ते कळायला हात लाकडाला आणि डिंकाला लागावे लागतात.

मराठी माणूस विमानबांधणीवर बोलू लागला की शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवल्याच्या दाव्याचा विषय निघतोच. पण त्या विमानाचा आराखडा, वजन, पंखांचं माप यांपैकी तपासून पाहता येईल असं काहीच हाती नाही. त्याच्याशी ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चं नाव जोडलं जातं, त्याची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये चिकित्सा केली. त्यात वर्णिलेली विमानं उडू शकत नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष.

कॅप्टन अमोल यादव यांचं विमान मात्र पट्टी लावून मोजता येतं. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, पाच मजली इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभं केलं. इमारतीला लिफ्ट नव्हती. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशीन आणि सुमारे १८० किलोचं इंजिन अरुंद जिन्याने वर गेलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते मांडायचं ठरलं, तेव्हा सुटे भाग करून क्रेनने खाली उतरवावं लागलं. नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये मिळाली आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून चाचणी उड्डाण झालं ते २०२० साली.

जागा, वजन, दारातून बाहेर काढणं, परवानगी: पडवीत रिमोटवर उडणारं मोठं मॉडेल बांधणाऱ्यापुढेही हेच चार प्रश्न असतात. त्यातला सगळ्यात फसवा प्रश्न वजनाचा. पायपर कब हे जुनं अमेरिकी दोन आसनी विमान घेऊ. पंखविस्तार १०.७४ मीटर, भरलेल्या विमानाचं वजन सुमारे ५५० किलो. चौथ्या हिश्शाचं मॉडेल केलं तर पंखविस्तार २.६८ मीटर होतो. पंखाचं क्षेत्रफळ मात्र सोळाव्या हिश्शावर येतं आणि वजन चौसष्टाव्या, म्हणजे साडेआठ किलोच्या आसपास. मूळ विमानात पंखाच्या दर चौरस मीटरवर ३३ किलो भार असतो, मॉडेलमध्ये सव्वाआठ. म्हणून मूळ विमानाला तरंगायला ताशी साठेक किलोमीटर वेग लागतो, तिथे मॉडेलला तीस पुरतो. पण जाड प्लाय, सढळ हाताने ओतलेलं इपॉक्सी आणि रंगाचा जास्तीचा हात यांनी वजन दीडपट झालं, तर उतरण्याचा वेग सुमारे सव्वापट होतो आणि आपटण्यातली ऊर्जा सव्वादोनपट.

या चारांखेरीज आणखी एक प्रश्न असतो, पंखाला पडणाऱ्या पिळाचा. बांधणीसाठी जुनं फ्लश डोअर उत्तम. मात्र दोरा ताणून आणि स्पिरिट लेव्हल लावून ते सपाट आहे याची आधी खात्री करावी. त्यावर आराखडा, आराखड्यावर प्लॅस्टिकचा कागद, मग स्पार (पंखाच्या लांबीचा दांडा) आणि रिब (त्याला आडव्या, पंखाला आकार देणाऱ्या पट्ट्या) टाचण्यांनी पक्क्या. वरची पातळ फळी चिकटवून डिंक पूर्ण वाळेपर्यंत पंख उचलू नये. घाईने उचललेला पंख पिळतो. असं विमान एका बाजूला कलत राहतं, आणि रिमोटवरून केलेली दुरुस्ती एकाच वेगाला लागू पडते, वेग बदलला की पुन्हा कलणं सुरू. पिळलेल्या पंखावर आवरणाची प्लॅस्टिक फिल्म चढली असेल तर सहायकाने पंख उलट दिशेला पिळून धरावा आणि फिल्म पुन्हा गरम करावी. बराचसा पीळ निघतो. एक पीळ मात्र मुद्दाम ठेवतात: टोकाशी मागची कड किंचित उचललेली. त्यामुळे वेग घटल्यावर टोकं शेवटी दगा देतात आणि विमान अचानक कोलमडत नाही.

किनाऱ्यावर आणखी एक शत्रू म्हणजे दमटपणा. बाल्साचं हलकं लाकूड ओल शोषून जड होतं, पांढरा डिंक वाळत नाही, लॅकरवर पांढुरके डाग उठतात. सायनोॲक्रिलेट हा झटपट डिंक मात्र हवेतल्या ओलीनेच पकडतो, म्हणून तो इथे अपेक्षेपेक्षा लवकर घट्ट होतो. ही केवळ हौशी लोकांची अडचण नव्हे. दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो विमान प्लाय आणि बाल्साच्या थरांचं होतं. १९४४ मध्ये भारतात काही मॉस्किटोंचे सांधे हवेत निखळले. चौकशीत ओलीबरोबर सदोष जुळणीवरही बोट ठेवलं गेलं. सुरुवातीच्या केसीन डिंकाची जागा कृत्रिम रेझिनच्या डिंकाने घेतली.

लाकडासाठी सावंतवाडीकडे पाहता येतं. तिथल्या खेळण्यांना परंपरेने पांगारा वापरत आले. हलका, मऊ, पटकन तासला जाणारा. तो बाल्साहून जड आहे, म्हणून शेपटीत नको. नाकाच्या गोलाईला मात्र चालेल, कारण तोल साधायला नाकात वजन लागतंच. तोलाचा बिंदू साधारणपणे पंखाच्या रुंदीच्या पुढून पाव भागाजवळ हवा. शेपूट त्या बिंदूपासून नाकाच्या तिप्पट लांब असेल, तर शेपटीतला एक ग्रॅम नाकात तीन ग्रॅम शिसं मागतो. आणि पंख दोन तुकड्यांत, मधून ॲल्युमिनियमची नळी घालून करावा. नाहीतर विमान पडवीतच राहील.

परवानगीचं काम सोपं आहे, पण टाळण्यासारखं नाही. २५ ऑगस्ट २०२१च्या ड्रोन नियमांनुसार करमणुकीसाठीच्या, नजरेच्या टप्प्यात उडणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला प्रकार-प्रमाणपत्र लागत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर जायला मात्र परवानगी लागते, आणि ८ किलोमीटरच्या आत तर जमिनीपासूनच. आपला सडा नकाशात कुठे येतो, हे ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावर आधी पाहावं.

पाऊस सरतो, हवा सुकू लागते, ते दिवस बांधणीला योग्य. उडवायचं ते सकाळी, खारे वारे सुटण्याआधी. आणि पहिल्या रिबपासून प्रत्येक तुकड्याचं वजन वहीत लिहून ठेवा. ती वही जपली, तर तुमच्या विमानाबद्दल सव्वाशे वर्षांनी कुणाला वाद घालावा लागणार नाही.