पायलट व्हायचंय? आधी मेडिकल

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एका ताईंनी मोठं कर्ज मागितलं. लेक बारावी सायन्स झालेली, पायलट व्हायचं म्हणते. एका संस्थेने सांगितलेलं, जागा हवी तर लगेच पैसे भरा. मी विचारलं, मेडिकल झालं का? ताई म्हणाल्या, पोर ठणठणीत आहे, डोंगर चढताना दम लागत नाही तिला. आम्ही कर्ज नाकारलं नाही, मेडिकल होईपर्यंत थांबवलं. ताई माझ्यावर रागावल्या. म्हणून आज हाच विषय घेतला.

विमान शिकणं आता आपल्यापासून फार लांब नाही. धुळ्याच्या गोंदूरला आणि शिरपूरला प्रशिक्षणाची विमानं उडतात. सौदामिनी देशमुख यांनी तर १९८५ सालीच, वैमानिकांसह सगळ्या बायकाच असलेलं विमान कलकत्त्याहून सिलचरला नेलं होतं. पण नोकरीचा परवाना मिळवायला २०० तास उडावं लागतं आणि खर्च लाखांत जातो. वर्ग एकचं वैद्यकीय प्रमाणपत्र नसेल, तर एवढे तास भरूनही तो परवाना हातात पडत नाही.

तपासणी दोन टप्प्यांत होते. आधी वर्ग दोन. ती डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच करायची. आरोग्य केंद्रातला फिटनेसचा कागद इथे चालत नाही. ती मंजूर झाली की वर्ग एक, तो दिल्ली-बंगळूरची हवाई दलाची केंद्रं किंवा मान्यताप्राप्त दवाखाने इथे. घोटाळा होतो तो मधेच. वर्ग दोनवर शिकायला सुरुवात करता येते, म्हणून लोक फी भरून मोकळे होतात आणि वर्ग एकमध्ये काहीतरी निघतं. माझं स्पष्ट मत आहे, दोन्ही कागद हातात येईपर्यंत मोठी रक्कम भरू नका.

एवढं तपासतात तरी काय? तोरणमाळहून शहाद्याकडे घाट उतरताना कान बंद होतात ना? विमान खाली येताना तेच होतं, म्हणून कान-नाक-घसा बघतात, ऐकू किती येतं ते मोजतात. डोळ्यांना चष्मा असला म्हणून लगेच नापास करत नाहीत. रंग मात्र ओळखता आले पाहिजेत, कारण धावपट्टीवरचे दिवे लाल, हिरवे, पांढरे असतात. ठिपक्यांमध्ये लपलेला आकडा वाचायला सांगतात. छातीचा एक्स-रे, ईसीजी, लघवी, पोटाची सोनोग्राफी हेही असतं. मुलींना स्त्रीरोगतज्ज्ञही तपासतात, तेव्हा आईने लेकीला आधी सांगून ठेवावं, ऐनवेळी ती घाबरायला नको.

आपल्याकडे खरी अडचण रक्ताची. हिमोग्लोबिन कमी, आणि सिकलसेल. उंचावर हवेतला प्राणवायू विरळ होतो, त्यामुळे सिकलसेलच्या रुग्णाला त्रास वाढू शकतो. पण रुग्ण वेगळा आणि वाहक वेगळा. वाहक मुलगी बहुतेक वेळा धडधाकट असते. साध्या चाचणीत हा फरक कळत नाही, इलेक्ट्रोफोरेसिस करावी लागते. तो रिपोर्ट घरात पडला असेल तर शोधून सोबत न्या. निर्णय तिथले डॉक्टर घेतील, आपण लपवायचं नाही. फेफरं, ऑपरेशन, चालू गोळ्या, सगळं अर्जात खरं लिहायचं. लपवलेलं पुढे उघडं पडलं तर परवाना जातो.

आणि ‘अनफिट’ शब्द ऐकून रडत घरी येऊ नका. तात्पुरतं की कायमचं, ते विचारा. तात्पुरतं असेल तर उपचार घेऊन पुन्हा तपासणी होते. पास झालं तरी एकदाच सुटका नाही बरं का. चाळिशीच्या आतल्या वैमानिकाला वर्ग एक दर वर्षी नव्याने करावा लागतो.

कागदांवर नाव आणि जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच हवी. आपल्याकडे आडनाव आधारवर एक, दाखल्यावर दुसरं असतं, ते आधी दुरुस्त करा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत पायलटचा अभ्यासक्रम येतो, तेव्हा तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयात जरूर विचारा.

त्या ताईंच्या लेकीचं हिमोग्लोबिन नऊ निघालं. चढायला दम लागत नव्हता तरी नऊ! लोहाच्या गोळ्या चालू आहेत, वर्ग दोनला ती दोन महिन्यांनी जाईल. रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं आणि आपली सकाळची गाडी वेळेत पोचत नाही. म्हणून मायलेकी आदल्या दिवशीच खाली उतरून मुक्काम करणार आहेत.