उपनिषदं जर्मनीला पोहोचली, व्हाया दारा शुकोह

परवा बुऱ्हाणपूरच्या लालबागला स्टेशनबाहेर चहा घेताना एका जर्मन प्रवाशाशी गप्पा झाल्या. निघाला होता अजिंठ्याला, पण उपनिषदंही वाचलेली. म्हटलं, ती तुमच्याकडे पोहोचली त्या गोष्टीत आमचं बुऱ्हाणपूरही आहे. गडी चाटच पडला.

मुमताज महल 1631 मध्ये इथेच वारली. पहिलं दफन तापीपलीकडे, जैनाबादच्या आहुखान्यात, म्हणजे शाही हरणबागेत. तिचा थोरला मुलगा दारा शुकोह तेव्हा 16 वर्षांचा.

याच दाराने 1657 मध्ये पंडितांच्या मदतीने 50 उपनिषदं फारसीत आणली. दोन वर्षांनी औरंगजेबाने त्याला मारलं. ग्रंथाच्या नकला मात्र फिरत राहिल्या.

त्यातली एक 1775 मध्ये आंकतील-द्युपेराँ या फ्रेंच पंडिताला मिळाली. तरुणपणी सुरतेत पारशी दस्तुरांकडे शिकलेला हा माणूस. 1801-02 मध्ये त्याने लॅटिन भाषांतर छापलं. 1814 मध्ये ते जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरच्या हाती पडलं आणि तो आयुष्यभर त्यात रमला. घरच्या पूडल कुत्र्याचं नावसुद्धा ‘आत्मा’!

संस्कृत, फारसी, लॅटिन. एवढ्या चाळण्यांतून काही तर निसटलं असणारच. शोपेनहाउअरचाच चाहता पाउल डॉयसन याने 1897 मध्ये थेट संस्कृतातून 60 उपनिषदं जर्मन भाषेत आणली.

मला विचाराल तर युरोपातल्या या वेडाचं पहिलं श्रेय दाराचं. बुऱ्हाणपूरला आलात तर आहुखाना चुकवू नका.