पीडीएफ अर्जातील मजकूर 'गायब' का होतो?

शिरूर/दौंड - संगणकावर भरलेला अर्ज आपल्या पडद्यावर नीटनेटका दिसतो. पण ई-मेलने दुसरीकडे पोहोचताच त्यातील काही चौकटी कोऱ्या दिसतात, तर काहींतील अक्षरे लहान-मोठी होतात. रांजणगाव वा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीसाठी असा अर्ज पाठविणाऱ्या उमेदवाराला हा दोष कळतही नाही आणि अर्ज मात्र अपूर्ण ठरू शकतो.

याचे मूळ पीडीएफच्या रचनेत आहे. 'अडोबी' कंपनीने १९९३ मध्ये आणलेल्या या फाइलप्रकारात भरता येणाऱ्या चौकटी १९९६ मध्ये आल्या. चौकटीतील मजकूर फाइलमध्ये दोन रूपांत असतो : एक निव्वळ अक्षरे, दुसरे ती कशी दिसावीत याचे चित्र. काही प्रोग्रॅम अक्षरे बदलतात, पण चित्र नव्याने काढत नाहीत. मग चौकटीवर क्लिक करेपर्यंत मजकूर दिसत नाही आणि छपाईतही उमटत नाही. २०१७ च्या 'पीडीएफ २.०' मानकाने हे चित्र बंधनकारक केले; जुन्या फाइली मात्र वापरात आहेतच.

मराठीत अडचण दुहेरी आहे. 'शिरूर' लिहिताना पहिली वेलांटी 'श'नंतर साठविली जाते, पण दाखविताना 'श'च्या आधी काढावी लागते. 'दौंड'मध्ये काना, दोन मात्रा आणि अनुस्वार एकाच 'द'ला जोडायचे असतात. हे न जमणारा प्रोग्रॅम वेलांटी भलतीकडे टाकतो. चौकटीला 'हेल्व्हेटिका'सारखा फाँट दिला असेल, तर त्यात देवनागरी अक्षरेच नसतात. तेथे रिकामे चौकोन उमटतात. इंग्रजीत लिहा, असे सांगणे सोपे आहे. पण सातबारावरील मराठी नावाशी मेळ घालायचा असेल, तेथे ते निरुपयोगीच.

खरी दुरुस्ती अर्ज तयार करणाऱ्याच्या हाती आहे. अक्षरांचा आकार 'ऑटो' ठेवला, की मजकूर चौकटीत मावेल तसा लहान-मोठा होतो. त्याऐवजी सर्व चौकटी एकदम निवडून १० किंवा ११ असा एकच आकार आणि युनिकोड देवनागरी फाँट द्यावा, तो फाइलमध्ये समाविष्ट करावा. पत्त्यासाठी एकाहून अधिक ओळींची चौकट हवी.

अर्जदाराने फाइल ब्राउझरमध्ये न भरता ती उतरवून 'अडोबी रीडर'मध्ये भरावी. नंतर 'प्रिंट'मधून नवी पीडीएफ प्रत काढली, की मजकूर पानावर कायम होतो. ही प्रत पाठविण्यापूर्वी दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाईलवर उघडून पाहावी. संबंधित कार्यालय चौकटींतील माहिती संगणकाने थेट उचलत असेल, तर मात्र मूळ फाइलच पाठवावी लागते.