शिंक आली की लुगडं ओलं

भगिनींनो, हा विषय चारचौघींत काढायचा नाही असं आपण ठरवून टाकलेलं आहे. पण खुरपणीच्या पातीला दोघीच असल्या की तो निघतोच. शिंक आली, खोकला आला, डोईवर हंडा चढवला, की थेंब-दोन थेंब लघवी नकळत सुटते. एस. टी.चा प्रवास नको वाटतो. लग्नाला जायचं तर पहिला विचार मांडवाचा नाही, आडोशाचा. मग बाई पाणीच पिईनाशी होते, आणि 'चार बाळंतपणं झाली, आता हे चालायचंच' अशी स्वतःची समजूत घालते.

हे चालायचंच नव्हे. पुष्कळ जणींना घरबसल्या व्यायामाने गुण येतो.

कमरेच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांचा भार तीच पेलते. लघवीची वाट आवळून धरण्यातही तिचा हात असतो. बाळंतपणात ती ताणते. पुढे जड ओझी, चुलीच्या धुराने जडलेला खोकला, शौचाला कुंथणं, पाळी जाण्याचं वय, यांनी आणखी सैल पडते. बाज सैल पडली की आपण सुंभ ओढून घेतो ना, तसंच इथे करायचं.

अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली या स्नायूंचा व्यायाम मांडला, म्हणून जगभर त्याला त्यांचं नाव आहे. आपल्या योगातला मूळबंध त्याच्या जवळचाच.

स्नायू ओळखायचा कसा? लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखायचे आहेत अशी कल्पना करा. आत जे वर ओढलं जातं, ते हेच. आधी गुडघे उभे करून उताणं पडा. मनात पाच अंक मोजेपर्यंत आवळून धरा, मग तेवढाच वेळ अगदी सैल सोडा. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिल्या दिवशी तीनच अंक टिकेल, बिघडलं नाही. हळूहळू दहापर्यंत जा. पुढे हे बसून, उभ्यानं, भाकरी भाजतानाही जमतं. शेजारणीला पत्ता लागत नाही!

पोट, मांड्या, कुल्ले आवळायचे नाहीत आणि श्वास कोंडायचा नाही. पोटावर हात ठेवून पाहा, ते मऊ राहिलं पाहिजे. एक चूक फार होते : लघवी करता करता मध्येच तोडून सराव करणं. तसं करू नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

पेरणी झाली आणि आठ दिवसांत कणीस शोधलं, असं इथे चालत नाही. निदान तीन महिने नेम धरा. मात्र शिंक येणार, घागर उचलायची, असं वाटलं की आधी आवळून घ्यायचं, हे आजपासूनच करा.

पाणी तोडू नका. घट्ट पिवळी लघवी उलट जळजळ करते. चहा तेवढा कमी करा.

लघवीला आग, ताप, रक्त, योनीतून गोळा बाहेर येणं (आपण 'अंग बाहेर येणं' म्हणतो) किंवा बाळंतपणानंतर लघवी सारखी वाहत राहणं, यांपैकी काही असेल तर व्यायामावर विसंबू नका, दवाखाना गाठा. 'पिशवी काढून टाका' असं कोणी लगेच म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. नुसती लघवी सुटते म्हणून गर्भाशय काढायचं कारण नाही.

आणि सासूबाईंनो, सून बाळंत झाली की डिंकाच्या लाडवांबरोबर हाही व्यायाम तिच्या कानावर घाला. साधं बाळंतपण असेल तर दुखणं जरा ओसरल्यावर थोड्याच दिवसांत बाजेवर पडल्या पडल्या हलक्याने सुरू करता येतो. टाके मोठे असतील तर आधी नर्सबाईंना विचारायचं.